पानाच्या डोक्यावरचा आकडा

कॉम्प्युटरवर उघडलेल्या पानाच्या डोक्यावर जुनाच आकडा होता. चहाचा कप ओठांपर्यंत आलेला होता, तो तिथेच अडला, आणि त्याला आधी वाटले की आपण चुकीचे पान उघडले. वाईट बातमी आली की माणूस आधी बातमी आणणाऱ्यावर संशय घेतो. त्याने पान पुन्हा उघडले. पुन्हा तोच आकडा. मग त्याने चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि पुन्हा लावला. आकड्याला चष्म्याशी काही देणेघेणे नव्हते. बाहेरच्या खोलीत बायको पर्समध्ये किल्ल्या शोधत होती आणि शोधताना नेहमीसारखी स्वतःशीच भांडत होती. खाली रस्त्यावर कुणी तरी गाडी मागे घेत होते. आणि त्याच्यासमोर पांढऱ्या पानावर, काळ्या अक्षरांत, सर्व्हर शांतपणे सांगत होता की गेल्या हिवाळ्यात ज्या आवृत्तीतले भोक तू बुजवलेस म्हणतोस, ती आवृत्ती मी अजून चालवतो आहे.

खरे तर हे पान तो उघडणारही नव्हता. ज्यांचा सर्व्हर तो सांभाळायचा त्या बायकांच्या संस्थेतल्या एका कार्यकर्तीची तक्रार होती की नोंदीवर तारीख उलटी पडते. तिच्या तारखेसाठी त्याने एक चिमुकले पान सर्व्हरवर टाकले, जे उघडले की पाने बनवणारे सॉफ्टवेअर स्वतःबद्दल सगळे सांगून टाकते: नाव, गाव, आवृत्ती. तारखेची ओळ खाली कुठे तरी होती. तिथपर्यंत त्याची नजर पोचलीच नाही.

त्याचा धंदा भोके बुजवण्याचा. छोट्या छोट्या संस्थांचे, शाळांचे, दोन दवाखान्यांचे सर्व्हर तो घरी बसून सांभाळत असे. या सर्व्हरांवर पाने तयार करून देणारे जे सॉफ्टवेअर चालते, त्यात जगात कुठे ना कुठे, कुणाला ना कुणाला, दर थोड्या दिवसांनी परक्याला आत शिरता येईल असे एक भोक सापडते. सॉफ्टवेअर करणारे लोक मग पॅच, म्हणजे ठिगळ, काढतात. तो पॅच त्याने लावायचा, लागला का ते तपासायचे, पुढच्या भोकाची वाट पाहायची. बायको म्हणायची, "काही झालं नाही की तुझं काम झालं." चारचौघांत ती हा विनोद करायची तेव्हा तो हसायचा आणि मनातून फुलायचासुद्धा, कारण विनोद खरा होता. इतकी वर्षे त्याच्या हाताखाली काही झाले नव्हते. घरातून निघताना कुलूप तीनदा ओढून पाहणारा, गॅसची कळ बंद आहे का हे जिन्यावरून परत येऊन बघणारा माणूस. संस्थेतल्या बायका त्याला कुलूपवाले दादा म्हणत, आणि ते नाव त्याला पदवीसारखे वाटे.

चूक काय झाली हे समजायला त्याला फार वेळ लागला नाही, आणि हेच जास्त वाईट होते. एकाच यंत्रावर त्या सॉफ्टवेअरच्या दोन प्रती होत्या. एक, काळ्या पडद्यावर हुकूम टाइप केला की ओ देणारी. दुसरी, वेब सर्व्हरने पोटात धरून ठेवलेली, बाहेरून येणाऱ्या प्रत्येकासाठी पान बनवणारी. गेल्या हिवाळ्यात त्याने नवी आवृत्ती बसवली, काळ्या पडद्यावर विचारले, तुझी आवृत्ती कोणती, आणि पहिलीने नवा आकडा सांगितला. ती खोटे बोलली नाही. तिला स्वतःपुरते विचारले होते, तिने स्वतःपुरते सांगितले. दुसरीला कुणी विचारलेच नाही. सेटिंगच्या फाइलमध्ये एक ओळ बदलायची राहिली होती, आणि त्या एका ओळीच्या पाठीमागे, जगजाहीर झालेले, ज्याची तयार हत्यारे फुकट मिळतात असे भोक, सगळा हिवाळा आणि सगळा उन्हाळा आ वासून बसले होते. नवशिक्यांना तो हे बजावून सांगत असे: बाबांनो, विचारताना कुणाला विचारताय ते बघा. सांगणाराच पालथा घडा निघाला.

त्याने ती ओळ बदलली. वेब सर्व्हर बंद करून चालू केला. पान पुन्हा उघडले. नवा आकडा आला. एवढेच काम होते. चहा अजून कोमटसुद्धा झाला नव्हता. "सापडल्या," बायको बाहेरून म्हणाली. "निघते मी. तू आज जाणार आहेस का कुठे?" तो म्हणाला, "संस्थेत जाऊन येतो." आपला आवाज इतका सरळ कसा निघाला याचे त्याला नवल वाटले. ती दारात डोकावली. "काय झालं रे? चेहरा का असा?" "काही नाही झालं," तो म्हणाला, आणि ती हसली, कारण तिच्या विनोदाचे ते नेहमीचे उत्तर होते. दार ओढून ती गेली. जिन्यावर तिची पावले खाली खाली गेली आणि मग त्याला हळूबाई आठवली. आठवली म्हणणे खोटे. आकडा दिसला त्याच क्षणी ती तिथे येऊन उभी राहिली होती, त्याने तिच्याकडे पाहिले नव्हते इतकेच.

ही संस्था घर सोडून आलेल्या बायकांना आसरा देई. मारहाणीतून सुटून, पाठलाग चुकवून आलेल्या बायका. शहरात संस्थेची तीन घरे होती आणि त्यांचे पत्ते बाहेरच्या कुणालाही ठाऊक नसत. कोण कोणत्या घरात आहे आणि ते घर कुठे आहे हे संस्थेच्या साइटच्या आतल्या, पासवर्डच्या भागात लिहिलेले असे. ते राखणे त्याचे काम. घराचा नियम एकच होता आणि त्याला अपवाद नव्हता: पत्ता बाहेर सांगायचा नाही, सख्ख्या आईलाही नाही. जिने सांगितला तिला घर सोडावे लागे, कारण तिच्या एका शब्दाने बाकीच्या सगळ्यांच्या नवऱ्यांना वाट सापडू शकत होती. नियम कठोर होता, पण ज्यांच्यासाठी होता त्याच बायकांनी तो केलेला होता.

हळूबाई हे नाव तिला घरातल्या बायकांनी दिले होते. ती हळू बोलायची, हळू चालायची, कपबशी ठेवतानासुद्धा आवाज होणार नाही अशी ठेवायची. आवाज झाला की काय होते हे ती शिकून आली होती. दुपारी ती संस्थेच्या ऑफिसात टायपिंग शिकायला येई. दोन बोटांनी, एकेक अक्षर शोधत. ती इतकी सावकाश टाइप करी की साइट कंटाळून तिला बाहेर काढी आणि सगळे पहिल्यापासून करावे लागे. ती कुणाला काही म्हणत नसे, पुन्हा सुरू करी. एकदा त्याने ते पाहिले आणि सर्व्हरवरची बाहेर काढण्याची मुदत तिच्यासाठी वाढवून ठेवली. नियमात बसणारे नव्हते ते. "आता कितीही वेळ लावा ताई, कोणी उठवणार नाही तुम्हाला," तो म्हणाला होता. तिने मान वर केली होती आणि पहिल्यांदाच पुरते हसली होती, आणि तिचा एक दात तुटलेला आहे हे त्याला तेव्हा दिसले.

दुपारच्या बसमध्ये त्याला खिडकीजवळची जागा मिळाली. शेजारचा माणूस फोनवर कुणाला तरी सांगत होता, "मी सांगतो ना, तू निर्धास्त राहा." शब्द किती स्वस्त असतात. त्याच्या लहानपणी वडील अंथरुणावरून विचारायचे, "दार लावलंस का रे?" आणि तो पांघरुणातूनच सांगायचा, "लावलं." कारण त्याला लावल्यासारखे आठवत असे, कडीचा आवाज कानात असे. तो आवाज कधी कधी शेजारच्या दाराचा असे, पण वडील मग उठून बघत नसत. हा मुलगा खोटे बोलत नाही हे घरात ठरूनच गेले होते. थोरल्या बहिणीला, ताईला, मात्र वडील प्रत्येक गोष्ट दोनदा विचारत आणि मग स्वतः उठून बघत, आणि ताई भिंतीकडे तोंड करून झोपायची. एकदा तिने त्याला विचारले होते, "तुला सगळं खरं कसं रे माहीत असतं?" तो अभिमानाने म्हणाला होता, "मी बघतो म्हणून." बसच्या काचेवर कुणी तरी बोटाने काढलेली रेघ होती. तिच्यातून रस्ता दोन तुकड्यांत पुढे सरकत होता: दुकानांच्या पाट्या, सिग्नलला खोळंबलेली माणसे, औषधाच्या दुकानापुढे उभी राहून काही तरी मोजणारी एक बाई. तिची पाठ पाहून तो जागेवरून अर्धा उठला. बाई वळली, दुसरीच होती. आता प्रत्येक पाठीचे हे असेच होणार, हे त्याला कळले.

तो दिवस त्याला आठवायचा नव्हता आणि दुसरे काही आठवत नव्हते. हळूबाईचा नवरा ती राहत होती त्या घराच्या फाटकासमोर येऊन उभा राहिला होता. शिव्या नाहीत, आरडाओरडा नाही. नीट इस्त्रीचा शर्ट घालून, रस्त्यापलीकडे, हातात छत्री धरून नुसता उभा. बायकांनी आतून कड्या घातल्या. पोलीस येईपर्यंत तो निघूनही गेला. मग संस्थेच्या प्रमुखांनी, त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, हळूबाईला ऑफिसात बोलावले आणि त्यालाही. हळूबाई म्हणाली, "मी नाही सांगितलं." एवढेच म्हणाली. पुन्हा विचारले तर पुन्हा एवढेच. थोड्या वेळाने, फार कष्टाने, तिने आणखी एक वाक्य जोडले: "माझ्या दिराचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे." तेव्हा तो हसला होता. कुत्सितपणे नाही, समजूत घालणारे हसू. "ताई, दुकान टाकणं वेगळं आणि हे वेगळं." मोठ्या बाईंनी त्याला विचारले, "मशीनमधून गेलं असेल का? नीट बघून सांगा." त्याने नीट बघितले. सगळ्यांसमोर काळा पडदा उघडला, हुकूम टाइप केला, आलेला आकडा बोटाने दाखवला. "नाही," तो म्हणाला. "इथून शक्य नाही." हळूबाईने त्या आकड्याकडे बराच वेळ पाहिले होते. तिला त्यातले काही कळत नव्हते, आणि तरी ती पाहत होती. तिला दुसऱ्या गावच्या एका संस्थेकडे पाठवायचे ठरले. ती तिथे पोचली नाही.

ऑफिसात मोठ्या बाई एकट्याच होत्या. फाइलींच्या थप्पीआडून त्यांनी हाताने बसायची खूण केली. त्याने उभ्या उभ्याच सांगितले. सगळे, न चुकवता, त्यांना समजेल अशा शब्दांत: दोन प्रती, एक विचारलेली आणि एक राहून गेलेली. सांगता सांगता त्याला वाटले की आपण किती व्यवस्थित सांगतो आहोत, तेव्हाही असेच व्यवस्थित सांगितले होते. मोठ्या बाईंनी मध्ये एकदाही अडवले नाही. सांगून संपल्यावर त्या उठल्या, दार लोटले आणि परत येऊन बसल्या.

"आता बंद आहे ना ते?"

"हो. सकाळीच केलं."

"त्यातूनच पत्ता गेला, हे नक्की का?"

"नक्की नाही सांगता येत. तेव्हाच्या नोंदी सर्व्हर ठेवत नाही, पुसल्या जातात. गेला असेल. नसेलही."

"म्हणजे खात्री नाही."

"तेव्हाही नव्हती, बाई. मी आहे म्हणालो."

टेबलावरचे पेन त्यांनी आधी उजवीकडे ठेवले, मग डावीकडे. त्यांचा राग यावा अशी त्याची फार इच्छा होती. त्या ओरडल्या असत्या तर त्याला कुठे तरी उभे राहायला जागा मिळाली असती. पण त्यांचा चेहरा दमलेला होता, रागाचे त्राणच त्यात नव्हते. "मला तेव्हाही पटलं नव्हतं," त्या शेवटी म्हणाल्या. "ती पोरगी जेवताना मीठ मागायला लाजायची. ती कुणाला पत्ता सांगेल? पण तुम्ही म्हणालात. म्हटलं, माझं मन काय, मन वेडं असतं. यांनी तर डोळ्यांनी बघितलंय." त्यांनी नंतर तिचा फोन लावून पाहिला होता, अनेकदा. आधी वाजून बंद व्हायचा. मग बंदच येऊ लागला. तिच्या माहेरी विचारायची सोय नव्हती, माहेरानेच तिला दोनदा परत धाडले होते. "नवऱ्याकडे गेली असं एक बाई म्हणाली. कुणी म्हणतं दिसली होती कुठल्याशा स्टेशनवर. ऐकीव सगळं."

"आपण सगळ्यांना सांगू या," तो म्हणाला. "तिनं सांगितलं नव्हतं म्हणून. निदान नसावं म्हणून."

"आणि काय सांगू? की इतके महिने तुमच्या सगळ्यांचे पत्ते उघड्यावर होते? त्या बायका रात्री डोळा मिटतात तो एवढ्याच भरवशावर. उद्या निम्म्या पळतील. कुठे पळतील? जिथून आल्या तिथंच." त्यांचा आवाज चढला नाही. "घरं बदलावी लागणार, ते मी करते. नळाचं काम निघालंय, भिंतीला ओल आलीय, काही तरी सांगून एकेक घर हलवते. तीन घरं मिळवताना चपला झिजल्या माझ्या, आता पुन्हा झिजवते. पण हे बाहेर नको. तुमच्या तोंडून तर मुळीच नको. तुम्ही म्हणालात तर त्या मानतील, तेच भय आहे."

"आणि ती?"

"ती इथं नाही," मोठ्या बाई म्हणाल्या. "ज्या आहेत त्यांचं बघायला हवं."

ते बरोबर होते. बरोबर असलेल्या गोष्टींचा त्याला अलीकडे, म्हणजे सकाळपासून, धाक वाटू लागला होता. आपण भांडावे असे त्याला वाटले. मग वाटले, कुणासाठी? भांडून आपले मन हलके करायचे आणि त्याची किंमत त्या भरवशावर झोपणाऱ्या बायकांनी मोजायची. आपल्याला सत्य सांगायचे आहे की नुसते सुटायचे आहे, हे त्याला ठरवता येईना. जगातल्या कुठल्याच कंपनीने या भोकासाठी पॅच काढलेला नव्हता. तो "बरं" म्हणाला. मोठ्या बाईंनी मान हलवली आणि पुढची फाइल ओढली. फाइल उलटी होती. त्यांनी ती तशीच उघडली आणि वाचत राहिल्या.

व्हरांड्याच्या टोकाला चहाची खोली होती. तिथे मावशी पातेले घासत बसल्या होत्या. मावशी सकाळी हळूबाई राहत होती त्या घरात स्वयंपाक करत आणि दुपारनंतर ऑफिसात चहापाणी बघत. पत्ता ठाऊक असलेल्या मोजक्या माणसांपैकी एक. "या की कुलूपवाले दादा, घोटभर घेऊन जा," त्या म्हणाल्या. त्याला चहा नको होता, पण तो आत जाऊन स्टुलावर बसला. भिंतीचा रंग एका जागी निघाला होता आणि तिथे आधीचा हिरवा रंग दिसत होता. मावशी बोलत होत्या: गॅस मंद येतो, नवीन आलेली बाई रात्री दचकते, तिच्या पोराला दात येतायत. त्या बोलण्याने त्याला जरा बरे वाटले, आणि बरे वाटले याची लाज वाटली.

"मावशी," तो म्हणाला, "ती हळूबाई. जाताना काही म्हणाली का?"

मावशींचा हात पातेल्यात थांबला. "आज कशी आठवण आली तुम्हाला तिची?"

"अशीच."

"तुम्हाला सांगते, आधी मीच जास्त रागावले होते तिच्यावर. माझ्या भावाच्या मुलीसारखी मानलेली तिला, आणि हिनं असा घात करावा? दोन दिवस बोलले नाही. ती आपली 'मी नाही, मी नाही' म्हणत फिरायची." मावशींनी हाताची राख नळाखाली धुतली. "मग निघायच्या दिवशी सकाळी आली स्वयंपाकघरात. म्हणाली, मावशी, मी रात्रभर विचार केला. माझ्याच तोंडून निसटलं असणार कुठे तरी. मला आठवत नाही, पण निसटलंच असणार. झोपेत बोलले असेन, फोनवर बोलले असेन. दादांनी मशीनमध्ये बघितलंय, ते कशाला खोटं सांगतील? आणि मग गेली एकेकीकडे. प्रत्येकीच्या पाया पडली. म्हणाली, माझ्यामुळे तुमच्या जिवाला घोर लागला, मला माफ करा. लहान पोरांनासुद्धा सॉरी म्हणाली."

नळाचे पाणी पातेल्यात पडत होते. ते पातेले केव्हाच भरले होते आणि पाणी कडेवरून वाहत होते, पण दोघांनीही नळ बंद केला नाही.

"शेवटी कबूल केलं ना तिनं," मावशी म्हणाल्या, "मग माझाही राग गेला. माणूस आहे, चुकतं. डबा बांधून दिला मी तिला वाटेत खायला. म्हटलं, जा, मी माफ केलं तुला."

त्या त्याच्याकडे बघत होत्या. तो काही म्हणेल अशी त्यांची अपेक्षा होती. त्याचा शब्द त्यांच्या लेखी मोठा होता.

"बरं केलंत, मावशी," तो म्हणाला.

त्यांनी नळ बंद केला आणि त्याच्यासाठी कप विसळायला घेतला.